निवड की स्वेच्छा? संभाजीनगरच्या तारणविषयक अभ्यासवर्गाचं परीक्षण

माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या निवडीवर अवलंबून आहे की माणसाच्या स्वतःच्या निर्णयावर, या प्रश्नावर मराठवाड्यातल्या मंडळ्यांमध्ये वाद भरपूर होतात, पण तो प्रश्न मराठीतून, सलग आणि मूळ मतपत्रं (चर्चच्या श्रद्धेची अधिकृत लेखी मांडणी) समोर ठेवून शिकवणारा वर्ग सहसा मिळत नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये एका चर्चच्या सभागृहात भरणारा हा सहा सत्रांचा वर्ग तसा आहे. तीन शनिवार, दर शनिवारी दोन सत्रं: सकाळी साडेदहा ते एक आणि जेवणानंतर दोन ते चार. शुल्क ३०० रुपये, त्यात पुस्तिका, चहा आणि दुपारचं जेवण.

देवाच्या निवडीवर भर देणारा सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन ही एक बाजू; माणूस कृपा स्वीकारू किंवा नाकारू शकतो म्हणणारा, मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक वेस्ली ही दुसरी. अशा वर्गाची कसोटी एकच असावी. कॅल्विनच्या बाजूचा माणूस बाहेर पडताना वेस्लीचं म्हणणं असं मांडू शकला पाहिजे की वेस्लीची बाजू घेणारा म्हणेल, 'हो, आमचं म्हणणं हेच आहे.' उलट बाजूनेही तसंच. पहिली तीन सत्रं या कसोटीला पूर्ण उतरतात. चौथं अर्धवट उतरतं. पाचवं चांगलं आहे. सहावं, म्हणजे लोक ज्यासाठी खरोखर येतात ते, अपुरं पडतं.

इथे हा विषय पुस्तकी का नाही, हे वर्ग सुरुवातीलाच सांगतो आणि बरोबर सांगतो. जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. त्या चर्चचं मतपत्र वेस्टमिन्स्टरचं (सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेलं, कॅल्विनच्या बाजूचं), आणि त्याचा तिसरा अध्यायच देवाच्या सनातन ठरावावर आहे. औरंगाबादेत काम करणारी चर्च मिशनरी सोसायटी अँग्लिकन. तिच्या ३९ कलमांतलं १७वं कलम पूर्वनियोजनावर, म्हणजे कोण तारला जाणार हे देवाने आधीच ठरवण्यावर, आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट आणि ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट एका छताखाली आले. म्हणजे निवडीवर ठाम बोलणारे आणि तिला कडाडून विरोध करणाऱ्या वेस्लीचे वारस आज एकाच बाकावर बसतात. घरातली आई सी.एन.आय.ची आणि मुलगा 'आजच निर्णय घ्या' म्हणणाऱ्या पेंटेकॉस्टल संगतीत जाणारा, असं चित्र जालना, बीड, नांदेड कुठेही दिसतं. जेवणाच्या ताटावर होणाऱ्या वादाची मुळं कुठली, हे कळण्यासाठी एवढा इतिहास लागतोच.

पहिल्या सत्राचं बलस्थान म्हणजे ते भांडणाआधी सहमती मांडतं. आदामाच्या पतनानंतर माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकत नाही, कृपा आधी येते, तारण कृत्यांनी नाही (इफिस २:८-९), तारणारा ख्रिस्तच. ही चारही वाक्यं कॅल्विनलाही मान्य आणि आर्मिनियसलाही (हा डच धर्मपंडित; याचीच बाजू पुढे वेस्लीने घेतली). 'कॅल्विनवाले म्हणतात सगळं देव करतो, आर्मिनियसवाले म्हणतात माणूस स्वतःला तारतो' ही जी सर्रास मांडणी ऐकू येते, ती इथेच कोसळते. खरा मतभेद चार ठिकाणी आहे: देवाने निवड कशाच्या आधारे केली, ख्रिस्ताचं मरण कोणासाठी योजलेलं होतं, कृपा नाकारता येते का, आणि खरा विश्वासणारा शेवटी गळून पडू शकतो का. वहीत हे चार प्रश्न चार पानांच्या डोक्यावर लिहून ठेवावेत आणि पुढची प्रत्येक गोष्ट त्यातल्या एका पानावर टाकावी. असं केलं नाही तर तिसऱ्या सत्रापर्यंत गोंधळ ठरलेला.

याच सत्रात पुस्तिकेतलं सगळ्यात मोलाचं अर्धं पान येतं. कीर्तन-भजनाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला 'आधीच ठरलंय' हे शब्द ऐकले की प्रारब्ध आठवतं. पण प्रारब्ध हे माणसाच्या स्वतःच्या पूर्वकर्मांचं फळ. रोम ९:११ मध्ये पौल नेमकं उलट सांगतो. याकोब आणि एसाव जन्मलेही नव्हते, त्यांनी बरं-वाईट काही केलं नव्हतं, तेव्हाच देवाचा निर्णय झालेला होता. प्रारब्धात कर्माचा हिशेब आहे, निवडीत हिशेबच नाही. हा फरक न सांगता पूर्वनियोजन शिकवलं, की ऐकणारा ते नशिबाच्या खात्यात टाकतो आणि मग 'मग प्रार्थना कशाला, उपदेश कशाला' हा प्रश्न येतो. त्याला उत्तर म्हणून शिक्षक प्रेषितांची कृत्ये २७ उघडतात. पौलाला देवाने कळवलेलं असतं की गलबतावरचा एकही जीव जाणार नाही (वचनं २२-२४). तरीही खलाशी पळून जाऊ लागतात तेव्हा तो शताधिपतीला सांगतो, हे गलबतात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही (वचन ३१). शेवट ठरलेला असेल तर त्याकडे नेणारी साधनंही ठरलेली असतात, हे कॅल्विनवाद्यांचं म्हणणं या एका प्रसंगातून जितकं स्पष्ट होतं तितकं दहा व्याख्यांनी होत नाही.

दुसरं सत्र पाचव्या-सहाव्या शतकाचं, आणि ते भरभर उरकतं. माणूस स्वतःच्या बळावर चांगलं निवडू शकतो हे पेलॅजियसचं म्हणणं, कृपेशिवाय ते शक्य नाही हे ऑगस्टीनचं उत्तर, ४१८ सालची कार्थेजची परिषद. थांबायला हवं ते ५२९ सालच्या ऑरेंजच्या परिषदेपाशी, आणि इथे थांबतात. या परिषदेने एकीकडे ठरवलं की विश्वासाची पहिली हालचालसुद्धा कृपेनेच होते. दुसरीकडे, देवाने कोणाला पापासाठी नेमलं आहे असं म्हणणाऱ्याचा निषेध केला. आपल्याकडच्या मांडवातल्या सभांत 'तू एक पाऊल टाक, देव दहा टाकेल' असं सांगितलं जातं. हे आर्मिनियसचं मत नाही. पहिलं पाऊल माणसाचं आणि कृपा मागून, हेच तर ऑरेंजने नाकारलं होतं. ज्यांना वाटतं की आपण 'स्वेच्छेच्या बाजूचे' आहोत, त्यांच्यातल्या अनेकांना इथे कळेल की आपली बाजू वेस्लीच्याही पलीकडे गेली आहे.

एकट्या तिसऱ्या सत्रासाठीही ३०० रुपये द्यायला हरकत नाही. १५२४ मध्ये इरॅस्मसने स्वेच्छेच्या बाजूने लिहिलं, १५२५ मध्ये ल्यूथरने इच्छा बंदिवान आहे असं उत्तर दिलं, हा भाग थोडक्यात होतो. मग १६१० मध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी मांडलेली पाच कलमं आणि डॉर्ड्रेख्त शहरात १६१८-१९ मध्ये भरलेल्या सिनडने (चर्चच्या धर्मसभेने; हीच डॉर्टची सिनड) दिलेली उत्तरं, ही दोन्ही शेजारी शेजारी दोन रकान्यांत वाचून घेतात. ही पद्धत उत्तम आहे, कारण वाचताना दोन गोष्टी आपोआप लक्षात येतात. एक, १६१० च्या तिसऱ्या कलमात माणूस स्वतःहून काही चांगलं करू शकत नाही, त्याला पवित्र आत्म्याने नवा जन्म मिळाला पाहिजे, असंच लिहिलं आहे. त्यावर कोणी कॅल्विनवादी आक्षेप घेणार नाही. खटका उडतो चौथ्या कलमात, कृपा अटळ नाही या वाक्यावर. म्हणूनच सिनडने तिसरा आणि चौथा मुद्दा एकत्र घेतला. दोन, पाचव्या कलमात विश्वासणारा गळून पडू शकतो असं ठाम विधान नव्हतं. शास्त्रातून अजून तपासायला हवं, एवढंच होतं.

सिनडच्या मतपत्राबद्दलचे गैरसमजही इथेच जातात. ख्रिस्ताच्या मरणाचं मोल अपार आहे, साऱ्या जगाच्या पापांच्या प्रायश्चित्ताला ते पुरून उरेल, असं दुसऱ्या मुद्द्यात लिहिलं आहे; सुवार्ता सगळ्या राष्ट्रांना भेदभाव न करता सांगायची, हेही त्यातच. आणि कृपा माणसाला लाकूड-दगडासारखं वागवत नाही, त्याची इच्छा नष्ट करत नाही तर जिवंत करते, हे तिसऱ्या-चौथ्यात. 'कॅल्विनवाद म्हणजे कठपुतळी' म्हणणाऱ्याने निदान ही तीन वाक्यं वाचून मग विरोध करावा. राजकारणही वगळलेलं नाही: सिनडच्या अखेरच्या दिवसांत, १३ मे १६१९ रोजी, आर्मिनियसवाद्यांची पाठराखण करणारे राजकारणी ओल्डेनबार्नेवेल्ट यांचा शिरच्छेद झाला. देवाच्या कृपेवरचा वाद तलवारीने मिटवला गेला, हे ऐकणं जड जातं, पण ऐकायला हवं.

पुस्तिकेची एक चूक मात्र इथे नोंदवायलाच हवी. इंग्रजी आद्याक्षरांवरून केलेली 'ट्युलिप' ही पाच मुद्द्यांची जुळणी तिने थेट कॅल्विनच्या नावावर टाकली आहे. कॅल्विन १५६४ मध्ये वारला; सिनड त्यानंतर अर्ध्या शतकाने भरली; आणि ती जुळणी विसाव्या शतकातली. शिवाय ट्युलिपचा क्रम सिनडचा नाही. सिनड निवडीपासून सुरू होते, माणसाच्या भ्रष्टतेपासून नाही. पुढच्या आवृत्तीत हे दुरुस्त व्हावं, कारण विरोधक नेमका हाच धागा पकडून बाकीचं सगळं झटकून टाकतात.

चौथं सत्र रोम ९ चं. तयारी म्हणून घरून ९ ते ११ अध्याय वाचून यायला सांगतात, आणि हे टाळू नये. तिन्ही मिळून ९० वचनं आहेत, मोठ्याने सलग वाचली तर पाव तासाचं काम. निदान तीन वेळा व्हावं. पण घरी तिन्ही अध्याय वाचायला सांगून वर्गात मात्र ९:२४ ला थांबतात, हीच इथली गडबड आहे. कुंभार आणि मातीपाशी थांबलं की पौलाचा युक्तिवाद पूर्ण होत नाही. दहाव्या अध्यायात प्रभूचं नाव घेणारा प्रत्येक जण तारला जाईल असं येतं (१०:१३), अकराव्यात तोडलेल्या फांद्या अविश्वासात राहिल्या नाहीत तर पुन्हा कलम केल्या जातील (११:२३), आणि शेवट सर्वांवर दया करण्यासाठी या शब्दांवर होतो (११:३२). हे गाळून कॅल्विनच्या बाजूने मांडणी केली की ती कच्ची राहते, कारण ऐकणारा घरी गेल्यावर पुढचं पान उलटतोच.

उलट बाजूची सूटही इथे फार सहज दिली आहे. 'हा अध्याय व्यक्तींबद्दल नाही, राष्ट्रांबद्दल आहे' हे उत्तर दहा मिनिटांत सांगून सोडून दिलं. तसं म्हणणाऱ्याला दोन वचनांचा हिशेब द्यावा लागतो: ९:१९ मधला आक्षेप ('मग तो दोष का लावतो? त्याच्या इच्छेला कोण विरोध करणार?') मुळात उठतोच कसा, आणि ९:२४ मध्ये 'आपल्याला' बोलावलं म्हणताना पौल व्यक्तींकडे का येतो. राष्ट्रांचा अर्थ घेणाऱ्यांकडे यावर उत्तरं आहेत. ती मांडायला अर्धा तास लागतो आणि तो द्यायला हवा होता.

या सत्रातला फारोचा सराव मात्र चोख आहे. चार-चार जणांचे गट, प्रत्येकाला निर्गम ४ ते ११ आणि कोरा कागद. फारोचं मन कठीण झाल्याची प्रत्येक नोंद शोधायची आणि तीन रकाने करायचे: देवाने केलं, फारोने स्वतः केलं, नुसतं 'कठीण झालं'. पीडा सुरू होण्याआधीच देव सांगून ठेवतो की मी त्याचं मन कठीण करीन (४:२१, ७:३). ८:१५ आणि ८:३२ मध्ये फारो ते स्वतः करतो. ९:१२ पासून 'परमेश्वराने कठीण केलं' येऊ लागतं, पण ९:३४ मध्ये पुन्हा फारोच. दोन्ही बाजूंना आपापली वचनं सापडतात आणि दोन्ही बाजूंना नकोशीही सापडतात. वेळ वाचवायला गटाने अध्याय वाटून घेऊ नयेत. एकाने ४ ते ७ आणि दुसऱ्याने ८ ते ११ वाचलं की क्रमच हातातून निसटतो, आणि सगळा मुद्दा क्रमातच आहे.

पाचव्या सत्राचा पहिला तास कॅथलिक बाजूचा आणि तो घ्यायला फादरच येतात, ही या वर्गाची मोठी जमेची बाजू. प्रॉटेस्टंट माणसाने कॅथलिक मत सांगायचं आणि सगळ्यांनी माना डोलवायच्या, असं इथे होत नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये ठरवलं की देवाने जागवलेली माणसाची इच्छा कृपेला साथ देते आणि नाकारूही शकते. देव कोणालाही नरकासाठी नेमत नाही, हे आजच्या कॅथलिक धर्मशिक्षणातही स्पष्ट आहे. पण कृपा आणि इच्छा यांची सांगड नेमकी कशी, यावर डोमिनिकन आणि जेझुइट हे दोन कॅथलिक संघ इतके भांडले की रोममध्ये १५९८ ते १६०७ सुनावण्या चालल्या, आणि शेवटी पोप पाचवे पॉल यांनी निकाल न देता एकमेकांना पाखंडी म्हणू नका अशी ताकीद दिली. जेझुइट मोलिनाचं मत समजावताना १ शमुवेल २३ घेतात: दावीद विचारतो, कईलाचे लोक मला शौलाच्या हाती देतील का? देव म्हणतो, देतील. दावीद निघून जातो आणि तसं घडतच नाही. न घडलेल्या गोष्टीतही माणूस स्वेच्छेने काय करील हे देवाला ठाऊक असतं, असं मोलिना का म्हणतो, ते या चार ओळींत कळतं.

पूर्वज्ञान म्हणजे पूर्वनियोजन नव्हे, हे सांगायला वर्गात पंचांगाचं उदाहरण देतात: पंचांगात लिहिलंय म्हणून ग्रहण लागत नाही. आर्मिनियसचा मुद्दा समजायला हे पुरेसं आहे. पण त्याची मर्यादा त्याच दमात सांगायला हवी होती. पंचांगकर्त्याने सूर्य-चंद्र घडवलेले नसतात. देवाने जग घडवलं आहे, आणि पुढे काय होईल हे माहीत असूनच घडवलं आहे. कॅल्विनवाद्यांचा आक्षेप नेमका तिथे आहे.

वेस्लीचा भाग सुटसुटीत. १७३९ चा त्याचा पूर्वनियोजनाविरुद्धचा उपदेश, त्याचा कॅल्विनवादी सहकारी व्हाइटफील्ड याचं डिसेंबर १७४० चं जाहीर उत्तर, दोघांतली फूट, आणि १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये वेस्लीनेच केलेला उपदेश. पूर्वनियोजन मानलं की सुवार्ताकार्य थंडावतं, या आरोपाला उत्तर म्हणून विल्यम केरीचं नाव पुढे करतात. केरी कॅल्विनवादी बाप्टिस्ट, १७९३ मध्ये भारतात आला, आणि मराठी नवा करार १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून छापून निघाला. त्याच दमात शेषाद्रींचंही नाव घ्यायला हवं होतं. वेस्टमिन्स्टर मानणारा माणूस जालन्याच्या खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगत फिरत होता, याहून जवळचा पुरावा कुठला?

आता सहावं सत्र. चिठ्ठ्या टाकायला खोका ठेवतात आणि त्यातले प्रश्न घेतात. आजारी माणसासाठी प्रार्थना, बाप्तिस्मा घेऊन मंडळी सोडून गेलेला मुलगा, माझी निवड झाली आहे हे मला कसं कळणार. या शेवटच्या प्रश्नावर उत्तर चांगलं मिळतं: निवडीच्या यादीत डोकावायचा प्रयत्न करू नये, ख्रिस्ताकडे पाहावं, वेस्टमिन्स्टरचा १८वा अध्याय स्वतःच म्हणतो की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री मिळायला बराच काळ लागू शकतो. इब्री ६:४-६ आणि योहान १०:२८-२९ समोरासमोर ठेवून दोन्ही बाजू त्यांचा मेळ कसा घालतात, तेही नीट सांगतात.

पण सुवार्ता न ऐकता गेलेल्या आजी-आजोबांचं काय, हा प्रश्न पाच मिनिटांत 'देव न्यायी आहे' म्हणून मिटवला. मराठवाड्यातली बरीचशी ख्रिस्ती घरं तीन-चार पिढ्यांची आहेत. त्यांच्या मागची सगळी माणसं या प्रश्नात उभी आहेत, आणि तो विचारायला धीर लागतो. त्यावर प्रत्येक परंपरेने विचारपूर्वक काही म्हटलेलं आहे आणि ते सगळं सांगता आलं असतं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६४ मध्ये म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. वेस्लीचे अनुयायी प्रत्येकाला आधीच लाभलेल्या कृपेकडे आणि रोम २:१४-१५ कडे बोट दाखवतात. वेस्टमिन्स्टरचा दहावा अध्याय इथे कडक आहे, आणि तो कडकपणा झाकून ठेवू नये. पण तोच अध्याय तान्ह्या वयात गेलेल्या निवडलेल्या बाळांबद्दल आणि ज्यांना वचन ऐकण्याची क्षमताच नाही अशांबद्दल म्हणतो की पवित्र आत्मा त्याला हवं तेव्हा, हवं तिथे, हवं तसं काम करतो. बाळ गमावलेल्या विश्वासू आईबापांनी त्याच्या निवडीबद्दल शंका धरू नये, असं डॉर्टच्या पहिल्या मुद्द्याच्या १७व्या परिच्छेदात आहे. ही वाक्यं छापील पुस्तिकेत असती तर खोक्यात चिठ्ठी न टाकणाऱ्यापर्यंतही ती पोचली असती. आयोजकांनी पाचव्या सत्रातला अर्धा तास कापून इथे द्यावा.

सोयींबद्दल थोडक्यात. जालन्याहून सकाळी निघून वेळेत पोचता येतं. नांदेड-लातूरकरांनी शुक्रवारी रात्रीच यावं. मराठी बायबल स्वतःचं आणावं, मोबाइलवर पानं मागे-पुढे करत तीन अध्याय तुलना करणं जमत नाही. सभागृहात मागच्या रांगांपर्यंत आवाज नीट येत नाही, त्यामुळे ज्येष्ठांनी पुढे बसावं. तिन्ही शनिवार शक्य नसतील तर दुसरा चुकवू नका. तिसरं आणि चौथं सत्र त्याच दिवशी असतात. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला लगेच इथे पाठवू नये, आधी त्याच्याबरोबर योहानकृत शुभवर्तमान वाचून व्हावं. १७वं कलमही या विषयाला देवभिरू माणसासाठी गोड आणि नुसत्या चौकस माणसासाठी धोक्याचा म्हणतं. रविवारच्या शाळेचे शिक्षक, तरुण संघ चालवणारे आणि उपदेश करणारे वडीलजन यांनी मात्र पुढच्या तुकडीत नाव घालावंच. नोंदणी चर्चच्या कार्यालयात, रविवारच्या उपासनेनंतर. गट करायचे असल्याने जागा थोड्याच असतात.